जर्मनीत नवीन आहे: चिठ्ठी लिहिणाऱ्या आजींकडे कॉफीला जाताना काय न्यावं?

मुठेकाठचा | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, मार्चअखेरीस पुण्याहून ब्योब्लिंगनला आलो. पुण्याला जसं पिंपरी-चिंचवड, तसं स्टुटगार्टला हे गाव. घर मिळालं, महापालिकेत नावनोंदणी झाली, बँकेत खातं उघडलं. या सगळ्याची माहिती जालावर ढीगभर आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे.

मागच्याच्या मागच्या रविवारी दुपारी दोन वाजता मी शेंगदाण्याचा कूट करायला घेतला. मिक्सर अजून घेतलेला नाही. आईने हट्टाने बॅगेत कोंबलेला लोखंडी खलबत्ता आहे, सामानात दोन किलो आंबेमोहोर त्याच्यापायी मागे राहिला. दहा-पंधरा मिनिटं कुटलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला चिठ्ठी! सुवाच्य अक्षर, ओळी पट्टीने आखल्यासारख्या. मजकूर साधारण असा:

'आदरणीय शेजारी, काल दुपारी २ वाजून ५ मिनिटांपासून २ वाजून २० मिनिटांपर्यंत आपल्या घरातून ठोकण्याचा आवाज येत होता. रविवार शांततेचा दिवस आहे. कृपया लक्षात ठेवावे. स्नेहपूर्वक.' खाली सही, आमच्याच खालच्या मजल्यावरच्या आजींची.

तीन दिवस मी जिन्यातून चोरासारखा ये-जा केली. गुरुवारी त्या समोरच आल्या. म्हटलं, आता ऐकावं लागणार. तर छान हसल्या आणि म्हणाल्या, येत्या रविवारी साडेतीनला आमच्याकडे कॉफी आणि केक, बायकोलाही आण.

आता मला सांगा, हा राग आहे की लोभ? तिथे गेल्यावर आधी माफी मागायची का? न्यायचं काय, बसायचं किती वेळ? मॅक्समुल्लर भवनात जर्मन बी-वन पातळीपर्यंत शिकलोय, पण तिथे हरवलेली छत्री कशी शोधायची तेवढंच शिकवलं.

---

धोंडोपंत | सोमवार, रात्री ९:२२

२ वाजून ५ ते २ वाजून २०! आजी रेल्वेतून निवृत्त झाल्या असणार. त्या होत्या तोवर गाड्या वेळेवर धावत असतील.

तो कूट शिल्लक आहे का ते आधी सांगा, उपासाला लागतो.

---

ओवी | सोमवार, रात्री ९:४०

फुलं न्या. विषम संख्येत, पाच किंवा सात. लाल गुलाब नको, त्याचा अर्थ निराळा. पांढरी लिली नको, ती अंत्यविधीची. आणि हातात देण्याआधी दाराबाहेरच वरचा कागद काढा, नुसती फुलं द्या. मी पहिल्यांदा सेलोफेन, त्यावर किमतीचं लेबल, सगळ्यासकट दिली होती. यजमानीणबाईंनी माझ्यादेखत शांतपणे लेबल खरवडलं.

साडेतीन म्हणजे साडेतीन. तीन पंचवीसलाही बेल मारू नका, खाली एक फेरी मारा.

---

ऱ्हाइनकाठ | सोमवार, रात्री ११:०५

कोलोनला २२ वर्षं काढली आहेत, त्या जोरावर लिहितो.

मुठेकाठचा, चिठ्ठी म्हणजे राग नाही. आपल्याकडे शेजाऱ्याने लेखी तक्रार करणं म्हणजे संबंध तुटल्याची जाहीर नोटीस. आपण आधी टोमणा मारतो, मग वॉचमनकडून निरोप, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'काही लोक' असा उल्लेख, आणि सगळं हाताबाहेर गेलं की कागद. इथे कागद पहिल्या पायरीवर येतो. तिने लिहिलं, तू वाचलंस, विषय संपला. गुरुवारी ती हसली ते मनापासूनच हसली.

आता रविवार. हा आजींचा वैयक्तिक छंद नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १३९ व्या कलमात रविवार आणि सणाचे दिवस हे विश्रांतीचे दिवस म्हणून संरक्षित केले, आणि १९४९ च्या सध्याच्या घटनेत ते कलम जसंच्या तसं आणलं. म्हणून दुकानं बंद. म्हणून ड्रिल मशीन नाही, लॉन कापायचं यंत्र नाही. काचेच्या बाटल्या टाकायचे मोठे डबे चौकात असतात, त्यांवर वेळ लिहिलेली असते आणि रविवारी त्यात बाटली टाकायची नाही, कारण ती खळ्ळकन फुटते. एरवी रात्री १० ते सकाळी ६ शांतता. काही इमारतींत दुपारी १ ते ३ सुद्धा. तुझ्या भाडेकरारासोबत हाउसऑर्डनुंग (इमारतीचे नियम) नावाचा कागद आला असेल. तो वाच.

खलबत्ता घटनाबाह्य नाही, पण रविवारी दोन वाजता तो आहेच.

---

चकली_बिघडली | मंगळवार, सकाळी ७:५०

ऱ्हाइनकाठ, तुमचा आदर ठेवून असहमत.

आमच्या इमारतीत (शहर सांगत नाही) नऊ वर्षांत मला अकरा चिठ्ठ्या आल्यात. बाबागाडी जिन्याखाली का ठेवली. फोडणीचा वास जिन्यात का येतो. मुलगा धावतो का. दोन वर्षांचं पोर धावणार नाही तर काय रांगोळी काढणार? आणि जी बाई लिहिते ती जिन्यात गोड हसून 'ग्र्यूस गॉट' म्हणते. तोंडावर बोलायला काय होतं? याला सभ्यता म्हणायचं असेल तर म्हणा. मला आमच्या सदाशिव पेठेतल्या घरमालकीणबाईच बऱ्या वाटतात. त्या जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या आणि संध्याकाळी अळूची वडी आणून द्यायच्या.

---

धोंडोपंत | मंगळवार, सकाळी ८:०४

सदाशिव पेठेत चिठ्ठ्या नव्हत्या? अहो, पाट्या होत्या! कायमस्वरूपी, रंगवलेल्या. जर्मन लोक निदान कागदावर भागवतात.

---

सह्याद्रीचा_बोका | मंगळवार, सकाळी ८:१५

पंत +१००

---

जावईशोध | मंगळवार, सकाळी १०:३०

नवरा जर्मन, मी साताऱ्याची, म्हणून दोन्ही बाजूंनी मार खाल्लेला आहे. मुठेकाठचा, तुम्हाला खाण्याबद्दल कुणी सांगितलं नाही अजून, ते मी सांगते. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

लग्नाआधी पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा दुपारची साडेतीनचीच वेळ होती. टेबलावर प्लमचा केक, चीजकेक, फेटलेलं क्रीम. सासूबाईंनी विचारलं, 'चीजकेक देऊ?' मी आईने शिकवल्याप्रमाणे, 'नको नको.' झालं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि सासऱ्यांशी बोलायला लागल्या. मी वाट बघतेय दुसऱ्या आग्रहाची. दुसरा आग्रह नाही, तिसरा नाही, 'अगं घे गं, तुझ्यासाठीच केलाय' नाही. दीड तास मी काळी कॉफी पीत त्या चीजकेककडे बघत बसले. घरी येताना स्टेशनवर उभ्या उभ्या प्रेत्सेल खाल्लं आणि नवऱ्याला म्हटलं, तुझी आई मला नापसंत करते. तो म्हणाला, 'ती तर म्हणत होती की मुलीला बहुतेक गोड आवडत नाही. पुढच्या वेळी सॉसेज करीन म्हणाली.'

त्यांच्या लेखी 'नको'चा अर्थ 'नको'. माणूस मोठा आहे, त्याला स्वतःचं पोट कळतं, एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं हा त्याचा अपमान. आता मलाही ते पटतं, पण माहेरी गेले की पहिल्या 'नको'ला आई खरंच थांबली तर मला रडू येईल हेही खरं.

तेव्हा हवं असेल तर पहिल्याच फटक्यात 'हो, आवडेल' म्हणा. आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत, यजमान काटा उचलेपर्यंत हात लावू नका. नैवेद्य दाखवायचा असतो तसं समजा.

---

माईसाहेब | मंगळवार, दुपारी १:१०

जावईशोध बाळा, वाचून जीव कळवळला. दीड तास!

मी सांगलीची. मुलाकडे तीन महिन्यांसाठी म्युनिकला आले होते. त्याचा साहेब बायकोसह जेवायला आला. मी पुरणपोळ्या केलेल्या. साहेबांनी दोन खाल्ल्या, पुरे म्हणाले. मी तिसरी वाढली. त्यांनी खाल्ली. मी चौथी वाढली. तीही खाल्ली. मला वाटलं आवडली. मुलगा मला डोळ्यांनी खुणावतोय, मला कळेना. जाताना साहेब पार वाकून चालत होते. नंतर मुलाने सांगितलं, ताटात अन्न टाकणं त्यांच्यात वाईट दिसतं, म्हणून बिचाऱ्यांनी संपवलं. त्यांचं ताट संपलं की मी वाढत होते आणि मी वाढलं की ते संपवत होते!

---

सह्याद्रीचा_बोका | मंगळवार, दुपारी १:१८

वारलो. चौथ्या पुरणपोळीला साहेब गेले असते तर घटनेचं कुठलं कलम लागलं असतं, ऱ्हाइनकाठ?

---

आखनकर | मंगळवार, दुपारी २:००

विद्यार्थी आहे, आखनला. माझा एक किस्सा.

पहिलं व्याख्यान संपलं आणि अख्खा हॉल बाकांवर मुठीने ठकठक करायला लागला. तीनशे पोरं. मला वाटलं, प्राध्यापकांचा निषेध चाललाय. आमच्या कॉलेजात बाकं वाजली म्हणजे सर शिव्या घालून निघून जायचे. म्हणून मी सरांच्या बाजूने, एकटाच, शांत बसलो. दोन आठवड्यांनी कळलं की ती टाळ्यांच्या ऐवजी आहे. कौतुक असतं ते. मोठ्या टेबलावर दहा जण बसले असतील तर प्रत्येकाशी हात मिळवण्याऐवजी टेबलावर दोनदा टकटक केलं तरी नमस्कार पोचतो.

दुसरं, ऑफिसात किंवा प्रयोगशाळेत दुपारी कुणी 'माल्त्साइट' म्हणालं तर उलट 'माल्त्साइट' म्हणायचं. मी 'धन्यवाद, माझं जेवण झालंय' म्हणालो होतो. ते आपल्या 'काय, जेवलात का?' सारखं आहे, खरं उत्तर अपेक्षित नाही.

उलट 'वी गेट्स', म्हणजे कसं चाललंय, हे विचारलं की खरं उत्तर येऊ शकतं. एकदा सहज विचारलं तर सहकाऱ्याने गुडघ्याच्या ऑपरेशनची वीस मिनिटं साद्यंत हकीकत सांगितली.

---

टोकियोतला_टिनपाट | मंगळवार, दुपारी ४:४५

जर्मनीचं कौतुक चाललंय म्हणून जरा अवांतर. जपानात घर बदललं की नवा माणूसच शेजाऱ्यांकडे जातो, छोटी भेट घेऊन. टॉवेल, साबण, बिस्किटं असं काहीतरी. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंचे शेजारी, असा जुना शब्दप्रयोगच आहे: 'मुको-सांगेन र्यो-दोनारी'. 'मी अमुक, त्रास झाला तर सांभाळून घ्या.' मोठ्या शहरांत आता कमी झालंय, पण मी केलं होतं. नंतर माझ्या कचऱ्याच्या चुका शेजारच्या काकांनी पोटात घातल्या.

मुठेकाठचा, तुम्ही राहायला आल्यावर कुणाला भेटलात का?

---

मुठेकाठचा | मंगळवार, सायंकाळी ६:२०

सगळ्यांना धन्यवाद, वाचतोय. ट्रेनमध्ये पुरणपोळीवर इतका हसलो की समोरच्याने जागा बदलली.

टिनपाट, नाही भेटलो. मला वाटलं, आपण नवीन आहोत, तेच येतील. पुण्यात आम्ही बिबवेवाडीत राहायला गेलो तेव्हा ट्रक उतरायच्या आत शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या होत्या. इथे दोन आठवडे वाट पाहिली. कुणीच आलं नाही. बायको म्हणाली, थंड लोक आहेत.

---

ऱ्हाइनकाठ | मंगळवार, सायंकाळी ७:००

अरे, हे आधी सांगायचंस! मी उगाच घटना काढत बसलो.

टिनपाटने नेमकं बोट ठेवलंय. इथेही तसंच आहे. नव्याने येणाऱ्याने बेल मारून नाव सांगायचं असतं: आम्ही तिसऱ्या मजल्यावर, शनिवारी सामान येणार आहे, थोडा आवाज होईल. ते तुझ्याकडे येणार नाहीत, कारण त्यांच्या मते ते तुझ्या खाजगीपणात घुसणं झालं. तू त्यांची वाट बघत होतास आणि ते तुझी. दोघेही एकमेकांना थंड म्हणत होते!

तुझी ओळख असती तर आजींनी चिठ्ठी लिहिली नसती, बेल मारून 'हा आवाज कसला' विचारलं असतं. चकलीताई, तुमच्या अकरा चिठ्ठ्यांचंही कदाचित हेच.

---

चकली_बिघडली | मंगळवार, सायंकाळी ७:३५

'कदाचित' म्हणालात म्हणून सोडते. मी राहायला आले तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होते, बेल मारत चार मजले चढणार होते का? त्यांनी एकदा विचारलं असतं तर काय खाजगीपणा मोडला असता? नवं माणूस आधीच गोंधळलेलं असतं, भाषा येत नाही, आणि पहिलं पाऊलही त्यानेच टाकायचं? हे सोयीचं आहे, पण कुणाच्या?

---

ऱ्हाइनकाठ | मंगळवार, सायंकाळी ७:५०

मुद्दा मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

बर्लिनवाली | मंगळवार, रात्री ९:१५

तुम्ही सगळे कुठल्या जर्मनीत राहता? बर्लिनला माझ्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडं आहेत. ओळख फक्त पार्सलपुरती. आपण घरी नसलो की पार्सल कुठल्यातरी शेजाऱ्याकडे ठेवतात आणि पेटीत चिठ्ठी टाकतात, मग ते मागायला जायचं. सात वर्षांत मी यातूनच सहा जणांना ओळखते, आणि त्यांच्या बुटांचे मापही.

त्यावरून आठवलं: दारावर आणि टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. इथे फ्लॅट नंबर नसतो, नावावरच टपाल येतं. आमचं आडनाव चौदा अक्षरांचं, पेटीवरच्या पट्टीत मावेना, तर मी शेवटची तीन खाल्ली. बँकेचं कार्ड परत गेलं.

आणि बाटल्या फेकू नका. पेयांचे कॅन आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर सहसा ८. दुकानातल्या यंत्रात टाकून परत मिळतात. बाहेर प्यायलात तर रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी ठेवा, गोळा करणाऱ्यांना आत हात घालावा लागत नाही. हे कुणी शिकवलं नाही, बघून शिकले.

---

ओवी | मंगळवार, रात्री ९:४०

बाटल्यांवरून पेय आठवलं, म्हणून अतिअवांतर. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. प्रत्येकाच्या. नाही बघितलं तर सात वर्षं... जाऊ दे, माईसाहेब वाचतायत.

---

माईसाहेब | मंगळवार, रात्री ९:५५

माईसाहेबांना मुलाने सांगितलंय. मी सरबताचा ग्लास भिडवतानाही सगळ्यांच्या डोळ्यांत बघत होते. हलके घ्या.

---

सह्याद्रीचा_बोका | बुधवार, सकाळी ९:०५

उलट्या बाजूचाही एक किस्सा. आमच्या कंपनीतला जर्मन इंजिनिअर चाकणला सहा महिने होता. माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका त्याला दिली. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे. तो हरखला. 'सदतीस! आम्हीसुद्धा इतकं काटेकोर नसतो!' बरोबर १२:३० ला हजर, सूट घालून. तेव्हा नवरदेव मारुतीच्या देवळात होता, मामा कुठे सापडत नव्हता आणि अंतरपाट इस्त्रीला गेलेला. अक्षता पडल्या सव्वाला. तो सारखा घड्याळाकडे बघून मला विचारायचा, 'मग सदतीस कशासाठी?'

मी काय उत्तर देणार? म्हटलं, ते ताऱ्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही.

---

जावईशोध | बुधवार, सकाळी ९:४०

बोका, हे मी नवऱ्याला भाषांतर करून सांगितलं. तो म्हणतो, आमच्या लग्नातही त्याला हाच प्रश्न पडला होता, विचारायची हिंमत झाली नाही.

वाढदिवसाचं राहिलं. ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसात केक न्यायचा. कुणी आणेल म्हणून वाट बघू नका, ते तुमची वाट बघत असतात (पुन्हा तेच!). आणि आदल्या दिवशी शुभेच्छा कधीही देऊ नका, अपशकुन मानतात. उशिरा दिलेल्या चालतात. शनिवारी वाढदिवस असलेल्या मैत्रिणीला मी शुक्रवारीच 'हॅपी बर्थडे' म्हटलं तर तिने चक्क लाकडी टेबलावर ठोकलं. शकुन-अपशकुन फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

---

आखनकर | बुधवार, सकाळी ९:५५

म्हणजे टेबल ठोकण्याचा तिसरा अर्थ! मला कोष्टक करावं लागेल.

---

धोंडोपंत | बुधवार, सकाळी १०:१०

'तू' की 'तुम्ही' हा प्रश्न कुणी घेतला नाही अजून. मुठेकाठचा, आजींना 'सी' म्हणायचं, म्हणजे अहो-जाहो, आणि आडनावापुढे फ्राउ, म्हणजे श्रीमती. 'दू' म्हणायचा प्रस्ताव वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाने द्यायचा असतो, आपण घाई करायची नाही. यात मराठी माणसाला इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपं जातं. आपण आईला 'अगं', बाबांना 'अहो' आणि पांडुरंगाला 'अरे' म्हणणारे, आपल्याला काय नवल!

---

ओवी | बुधवार, सकाळी १०:३०

मुठेकाठचा, तुम्ही श्वाबेन प्रांतात आहात ना? मग एक विचारते. तुमच्या दाराच्या मुठीला कधी एक छोटी पाटी टांगलेली दिसली का? लाकडी किंवा पुठ्ठ्याची?

---

मुठेकाठचा | बुधवार, दुपारी १२:४०

हो! दोन आठवड्यांपूर्वी होती. लाकडी, त्यावर काहीतरी 'केर...' लिहिलेलं. मला वाटलं, आधीच्या भाडेकरूची शोभेची वस्तू, कुणीतरी परत आणून दिली. आठवडाभर तशीच होती. मग गायब झाली. का?

---

ऱ्हाइनकाठ | बुधवार, दुपारी १२:४६

अरेरेरेरे.

---

ओवी | बुधवार, दुपारी १:०५

केरवोख! म्हणजे झाडायचा आठवडा. योगायोग बघा, केर काढायचाच आठवडा आणि नावातही 'केर'. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्यात जिना, कठडा, तळमजल्याचं दार, कुठे कुठे समोरचा फुटपाथ, आणि थंडीत बर्फसुद्धा, त्याने साफ करायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराला अडकवायची. लहान आणि मोठी असे प्रकार असतात: लहान म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे तळघरापासून रस्त्यापर्यंत. स्टुटगार्टात याची मुळं १४९२ च्या शहरनियमांपर्यंत सांगतात.

---

धोंडोपंत | बुधवार, दुपारी १:१२

म्हणजे कोलंबस अमेरिकेकडे निघाला तेव्हा हे जिना झाडत होते. म्हणून अमेरिका यांना सापडली नाही.

---

बर्लिनवाली | बुधवार, दुपारी १:२०

आमच्याकडे जिना झाडायला माणूस येतो. बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या श्वाब लोकांची इथे भयंकर थट्टा करतात, त्यातला निम्मा भाग या पाटीवरच.

---

चकली_बिघडली | बुधवार, दुपारी २:००

मुठेकाठचा, आता घाबरू नका. पण फुलं सातच न्या, पाच नको.

---

माईसाहेब | बुधवार, दुपारी २:१५

आणि कूटाचा एक लाडू करून ने. गूळ, शेंगदाणे, थोडं तूप, वेलची. शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी असते, तेवढं आधी विचार. लाडू हाताने खायचा असतो हे दाखव, नाहीतर काटा-सुरी घेऊन बसतील आणि तो टेबलावरून उडेल.

---

मुठेकाठचा | रविवार, रात्री ८:५०

वृत्तांत.

३:३० ला बेल मारली. त्याआधी चार मिनिटं जिन्यात उभे होतो, कारण ३:२६ लाच तयार झालो होतो. सात पिवळे ट्युलिप, कागद काढून. कागद ठेवायला जागा नव्हती म्हणून बायकोच्या पर्समध्ये. आजींनी विचारलं, 'केक?' मी इतक्या जोरात 'हो' म्हटलं की त्या दचकल्या. सफरचंदाचा केक होता. दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्यालाही लगेच 'हो'. जावईशोध, तुमच्या वाटचाही खाल्ला असं समजा.

चिठ्ठीबद्दल मी माफी मागायला लागलो तर त्यांना क्षणभर आठवेचना. मग म्हणाल्या, 'हां, ते ठोकणं. ते झालं.' त्यांना वाटलं होतं मी फर्निचर जोडतोय आणि रविवारी जोडू नये हे मला कुणी सांगितलं नसेल. खरं निमंत्रण होतं ते पाटीसाठी! त्यांनी एक कागद काढला, वर्षभराचं वेळापत्रक. माझ्या आठवड्यासमोर त्यांच्या नावाची आद्याक्षरं. जिना त्यांनी झाडला होता. वय ७९. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझे कान तापले. म्हटलं, पुढचे दोन आठवडे आमचे. त्या म्हणाल्या, नाही, एकच. हिशेब बरोबर राहिला पाहिजे.

मग मला घेऊन जिन्यात आल्या. रविवार असल्यामुळे झाडू हातात न घेता, नुसतं बोट दाखवून शिकवलं: आधी कोपरे, मग पायऱ्यांच्या कडा, कठडा ओल्या फडक्याने, पायपुसणं बाहेर झटकायचं, खिडकीतून नाही. पंधरा मिनिटांचा मूक पाठ. तिसऱ्या पायरीवर बारीक लालसर सालं अडकलेली होती. बोटावर घेऊन त्यांनी विचारलं, हे काय असतं? मी ओळखलं. शेंगदाण्याची सालं. मी ते बाल्कनीत न पाखडता दार उघडं ठेवून पाखडले होते.

मग लाडू काढावा लागला. काटा-सुरीने प्रयत्न झाला. माईसाहेब, उडाला.

पाचला निघालो. 'पुन्हा या' असं काही म्हणाल्या नाहीत. उद्या सोमवार, सकाळी १० नंतर खलबत्ता घेऊन खाली बोलावलंय. त्यांना जायफळ फोडायचं आहे, आणि आवाज नक्की किती होतो तेही त्यांना जवळून ऐकायचंय.

---

चकली_बिघडली | रविवार, रात्री ९:०५

७९ व्या वर्षी जिना झाडला आणि चिठ्ठी लिहिली ती आवाजाबद्दल, जिन्याबद्दल नाही. हं. विचार करते.

---

धोंडोपंत | रविवार, रात्री ९:१०

ते सगळं ठीक. पाटी आता कुणाच्या दाराला आहे?

---

मुठेकाठचा | रविवार, रात्री ९:१४

आमच्या. आल्या आल्या अडकवून गेल्या. मी जेवत होतो, आवाजसुद्धा आला नाही.